ताईचं लॉगिन

आमचं कॉलेज विद्यापीठ झालं तेव्हा गेटवरची पाटी बदलली, प्राचार्यांच्या केबिनमध्ये नवा सोफा आला आणि आम्हा सगळ्यांना सांगण्यात आलं की यापुढे पासवर्ड एकच. एक नाव, एक पासवर्ड, आणि त्यात सगळं उघडणार: मेल, हजेरी, रजा, मार्क, पगाराची स्लिप आणि मुलांचे ऑनलाइन कोर्स. याला सिंगल साइन-ऑन म्हणतात, असं सर्क्युलरमध्ये छापलं होतं. मी भूगोल शिकवणारी बाई, मला असल्या शब्दांचं काडीचं कौतुक नाही. पण माझी काही वर्षांची मेहनत त्या एका पासवर्डने माझ्या डोळ्यांदेखत दुसरीच्या पदरात टाकली, म्हणून हा शब्द मला पाठ झालाय.

दुसरी म्हणजे कुणी परकी नव्हे. आमच्या विभागाची प्रमुख. बाकीचे सगळे तिला मॅडम म्हणायचे, मी एकटी ताई म्हणायचे. तोंडावर मी तिला नेहमी अहो-जाहोच केलं. लिहिताना मात्र आता ते जमत नाही.

ती रत्नागिरीकडची, आम्ही नांदेडकडचे. घरं दोघींचीही बौद्ध, आणि दोघींचे वडील गाव सोडून इकडे पोटापाण्यासाठी आलेले. माझे तुर्भ्याला केमिकल कंपनीत होते, तिचे बेलापूरला एका सरकारी ऑफिसात शिपाई. ती माझ्याआधी शिकली, माझ्याआधी नोकरीत कायम झाली, सीवूड्सला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. आमच्याकडच्या बुद्धविहारात कार्यक्रम असला की तिला भाषणाला बोलवायचे, आणि ती दर वेळी सांगायची, जो वर चढला त्याने खालच्याला हात द्यायचा असतो, नाहीतर आपल्या शिक्षणाला अर्थ नाही. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं. भाषण संपल्यावर मी तिच्या पाया पडायला गेले तर तिने मला मध्येच धरून उभं केलं आणि म्हणाली, “पाया कुणाच्या पडायचं नाही गं, नेट झालीस ना? ये आमच्याकडे शिकवायला.” तशी मी त्या कॉलेजात आले. हे उपकार मी आजही नाकारत नाही.

आले ती तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचा मोबदला, सत्र संपलं की नेमणूक संपली, पुढचं सत्र उघडलं की नवी नेमणूक. मधल्या काळात तुम्ही कॉलेजचे कुणीच नसता. हे माणसांना एक वेळ समजून घेता येतं, कॉम्प्युटरला येत नाही. नेमणूक संपली की जुनी सिस्टीम आमचं लॉगिन बंद करून टाकायची, आणि एका उन्हाळ्यात तर माझं लॉगिन बंद झालं आणि त्याबरोबर मी चढवलेला अख्खा कोर्स उडाला. नकाशे, प्रश्नसंच, मुलांनी विचारलेले प्रश्न, माझी उत्तरं, सगळं. ऑफिसात विचारलं तर तिथला क्लार्क म्हणाला, “मॅडम, तुमीच नव्हता ना सिस्टीममध्ये, मग तुमचं कसं राहणार?” वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तेव्हा ताईनेच रस्ता दाखवला. म्हणाली, “माझ्या लॉगिनमधून टाकत जा. मी कायम आहे, माझं काही बंद पडत नाही. तुझं सगळं सेफ राहील.” यात तिचं काही वाकडं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. सगळ्या विभागांत हीच पद्धत होती. तासिकावाल्यांनी कायम माणसाच्या लॉगिनमध्ये संसार मांडायचा. शेजारणीच्या फ्रिजमध्ये आपलं दूध ठेवावं, तितकंच ते साधं होतं.

मग मी जिवाच्या आकांताने कामाला लागले. पुस्तकातले दगड मुलांना कळत नाहीत, म्हणून तुर्भ्याच्या खाणीत जाऊन काळ्या दगडाचे थर मोबाईलवर शूट केले. मोबाईल वडिलांच्या हातात, त्यामुळे अर्ध्या धड्यात त्यांचा अंगठा दिसतो. सीवूड्सच्या मागे खाडीला ओहोटी लागली की चिखल कसा उघडा पडतो, मिठागरांचे बांध कुठे होते आणि आता त्यांवर काय उभं आहे, पारसिकचा डोंगर कुठून पोखरलाय, असं एकेक करत तिन्ही वर्षांचे धडे बनवले. आवाज मात्र घरीच रेकॉर्ड करायचे, कारण बाहेर ट्रकचे हॉर्न. मान्सूनच्या धड्यात आमच्या कुकरची शिट्टी आहे. ती काढायची राहून गेली आणि मुलांना तीच सर्वांत जास्त आवडली.

आई एकदा विचारती झाली, “इतकं मरमर करायलीस, तुझं नाव कुठं लागायलंय त्यात?”

मी म्हटलं, “ताईच्या नावाने आहे, पण ते नुसतं लॉगिन. सगळ्यांना माहीत आहे कुणी केलंय ते.”

“सगळ्यांना म्हंजी कुनाला?”

मी चिडले. आईला यातलं काय कळतंय, असं म्हणून विषय तोडला. आता मनात येतं, तिला नेमकं तेवढंच कळलं होतं.

तर विद्यापीठ झालं, आणि त्याच सुमाराला बातमी आली की आमच्या विभागात एक कायम जागा निघतेय. एकच. तासांची कपात चालू होती, भूगोलाला पुढे जागा निघेल अशी चिन्हं नव्हती. माझं वय चाळिशीकडे झुकलेलं. ही जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर मी जन्मभर सत्रासत्राची पाहुणी. मुलाखतीत डिजिटल कामाला वजन होतं, आणि डिजिटल काम म्हणजे माझा कोर्स. तो माझ्या नावावर दिसणं एवढीच एक गोष्ट मला हवी होती.

ताईने स्वतःहून मला सीवूड्सच्या मॉलमध्ये बोलावलं. डोसा मागवला आणि म्हणाली, “हे बघ, नवीन सिस्टीम येतेय, सगळ्यांची जुनी खाती नव्यात ओतणार आहेत. हीच वेळ आहे. तुझा कोर्स तुझ्या नावावर करून घेऊ. मी सिस्टीमच्या कमिटीत आहे ना, टेन्शन घेऊ नको.”

मी टेन्शन घेतलं नाही. घरी जाताना आईसाठी मिठाई घेतली.

कमिटीच्या बैठकीला आम्हा तासिकावाल्यांनाही बोलावलं, कारण जुनी सिस्टीम खऱ्या अर्थाने आम्हीच चालवत होतो. कंपनीचा एक गुळगुळीत माणूस आला होता. त्याने पडद्यावर तीन पर्याय दाखवले. पहिला, प्रत्येकाचा विद्यापीठाचा ईमेल हीच चावी. दुसरा, मोबाईलवर ओटीपी, ज्याचा नंबर यादीत तो आत. तिसरा, पगार विभागाकडचा एम्प्लॉयी नंबर, तो टाकला की सगळी दारं उघडी. तिसरा सर्वांत सोपा, कारण यादी तयारच होती.

मी हात वर केला. म्हटलं, तासिकावाल्यांना एम्प्लॉयी नंबर नसतो. ईमेल मात्र आम्हा सगळ्यांकडे आहे. पहिला पर्याय घेतला तर कुणीच बाहेर राहत नाही, आणि ज्याचं काम त्याच्या नावाने लागतं.

कंपनीचा माणूस हसून म्हणाला, “व्हॅलिड पॉइंट आहे मॅडम.” या लोकांनी व्हॅलिड पॉइंट म्हटलं की समजावं, आपला पॉइंट केराच्या टोपलीत गेला. पण ताई शेजारी बसली होती. तिने टेबलाखाली माझ्या हातावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हिचा मुद्दा मी अंतिम बैठकीत मांडते.” अंतिम बैठकीला आम्हाला बोलावणं नव्हतं.

ठरला तो तिसरा पर्याय. नवीन सिस्टीम सुरू झाली त्या सकाळी मी स्टाफरूममध्ये बसून लॉगिन केलं. नंबर नसल्यामुळे माझ्या नावापुढे ‘अतिथी’ असं आलं. कोर्स पाहता येत होता, हात लावता येत नव्हता. माझ्या खाणी, माझी खाडी, वडिलांचा अंगठा, सगळं जागच्या जागी होतं, आणि वर शिक्षक म्हणून ताईचं पूर्ण नाव, मागे डॉक्टर लावून.

धावत तिच्या केबिनमध्ये गेले. ती म्हणाली, “अगं, मी खूप भांडले. पण तो ऑप्शनच नाही सिस्टीममध्ये. नंबर नसला तर नावच घेत नाही. मी काय करणार?” आणि माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मी ते पाणी प्यायले आणि तिच्यावर विश्वास ठेवला. कॉम्प्युटर नाही म्हणाला म्हटल्यावर आपण माणसाला दोष देत नाही. ही सोय फार चांगली झालीय हल्ली.

तो दोष कॉम्प्युटरचा नव्हता हे मला पुढच्याच आठवड्यात कळलं. मानसशास्त्र विभागात माझ्यासारखीच तासिकावर असलेली एक मैत्रीण आहे, पनवेलची, मुस्लिम घरातली, जिभेने माझ्याइतकीच फटकळ. कॅन्टीनमध्ये मी नव्या सिस्टीमच्या नावाने बोटं मोडत होते, तर तिने आपला फोन उघडून पुढे केला. तिच्या कोर्सवर तिचंच नाव होतं, ठळक.

“हे कसं काय?” मी विचारलं. “नंबर कुठून आणलास?”

“नंबर-बिंबर काही नाय. आमच्या सरांनी कंपनीला एक मेल टाकला, की या बाईंचं काम आहे, यांच्या नावावर करा. दुसऱ्या दिवशी झालं. तुझ्या मॅडमनी नाय टाकला?”

एक मेल. दोन ओळींचा मेल. मी चहा तसाच ठेवून उठले. त्या दिवशी दोन तास घेतले, काय शिकवलं ते आठवत नाही. ती मला तोडून बोलली असती, तिने नोकरीवरून काढलं असतं, तरी चाललं असतं. पण पाण्याचा ग्लास पुढे करून खोटं बोलावं? यालाच केसाने गळा कापणं म्हणतात.

तरी मी गप्प बसले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, त्यातला हरी मी होते. मुलाखत पुढ्यात होती आणि पॅनेलवर विभागप्रमुख म्हणून ताई बसणार होती. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात मला अजूनही वाटत होतं की ती विसरली असेल, राहून गेलं असेल. चार लोकांसमोर, माझ्या तोंडावर, ती खोटं बोलणार नाही.

मुलाखतीला व्यवस्थापनाचे एक गृहस्थ होते, बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ होते, आणि कोपऱ्यात ताई, अबोली रंगाची साडी नेसलेली. सुरुवात छान झाली. मग तज्ज्ञांपैकी जे वयस्कर होते त्यांनी विचारलं, “ऑनलाइन काही काम केलंय?” मी म्हटलं, “तिन्ही वर्षांचा पूर्ण कोर्स केलाय, सर.” ते खूश झाले. म्हणाले, दाखवा की. ऑपरेटरने पडद्यावर कोर्स उघडला आणि वर ताईचं नाव आलं.

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी शांतपणे सांगितलं, “सर, आमचं लॉगिन सत्र संपलं की बंद व्हायचं, म्हणून मॅडमच्या लॉगिनमधून चढवलंय. काम माझं आहे. मॅडम इथेच आहेत, त्या सांगतील.”

सगळे ताईकडे वळले. तिने घाई केली नाही. पदर सारखा केला, हसली आणि म्हणाली, “हो, हिने मला खूप मदत केली आहे. फार मेहनती मुलगी आहे.”

मुलगी! माझे केस पिकायला लागलेत आणि मी मेहनती मुलगी. मी काही बोलणार तेवढ्यात त्या सरांनी ऑपरेटरला एक धडा लावायला सांगितला. मान्सूनचा लागला. खोलीत माझा आवाज भरला. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला कसे अडतात ते मी समजावून सांगत होते, आणि मध्येच कुकरची शिट्टी झाली. सगळे हसले. ताईसुद्धा हसली. त्या कुकरमध्ये त्या दिवशी काय शिजत होतं ते मला ठाऊक होतं.

सर म्हणाले, “पण आवाज तर यांचाच आहे.”

“हो,” ताई म्हणाली, “आवाज मी हिच्याकडूनच घेतला. माझा तितका स्पष्ट नाही ना.”

इतक्या सहज म्हणाली ती. बाजारातून काहीतरी आणावं तसा तिने माझा आवाज आणला होता. मी तोंड उघडलं, पण ज्या आवाजाची मालकी नुकतीच दुसरीकडे गेली होती तो काही बाहेर येईना. व्यवस्थापनाच्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. “ठीक आहे, कळवू तुम्हाला,” ते म्हणाले.

बाहेर जिन्याजवळ उभी होते, तर चहाच्या सुट्टीत ताई आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, माफी मागेल. ती म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नकोस गं. माझं प्रमोशन याच वर्षी आहे. कोर्सचे पॉइंट दोघींना देता येत नाहीत, एकीच्याच नावावर पाहिजे. तुझं अजून वय आहे. पुढच्या वेळी नक्की बघू.” म्हणजे लपवायचीही गरज उरली नव्हती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बीळ खोदणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायला येत नाही.

जागा दुसऱ्याला मिळाली. सोलापूरकडचा आहे, शिकवतो चांगलं, त्याच्यावर माझा राग नाही. माझी नेमणूक त्या सत्राबरोबर संपली आणि या वेळी मीच नवा अर्ज केला नाही. तुर्भ्यातच एका क्लासमध्ये दहावीला भूगोल शिकवायला लागले. आईला सगळं सांगितलं तेव्हा ती गहू निवडत होती. हात थांबवून म्हणाली, “आन् तू काय म्हनलीस मग?”

“काहीच नाही.”

“काहीच नाही? घरात तर लई तोंड चालतंय.” आणि मग स्वतःच डोळे पुसायला लागली. माझ्या वाटचं रडणंही तिनेच उरकलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी, ताईचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘कशी आहेस? सिलॅबस बदललाय. किनारपट्टीवर दोन नवीन धडे हवेत, परीक्षेआधी. नव्या सरांना ते जमत नाही. तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही. माझ्यातूनच टाक.’ खाली तिचं युझरनेम आणि पासवर्ड.

 मी लॅपटॉप काढला आणि तो पासवर्ड टाकला. तिला घाबरवायचं होतं की स्वतःला खात्री करून घ्यायची होती, ते मलाही सांगता येणार नाही. एकच पासवर्ड, त्यामुळे सगळंच उघडलं. तिचा मेल, तिच्या पगाराची स्लिप, मुलांचे मार्क, प्रमोशनची फाईल. एकेका दारावर नुसतं बोट ठेवायचा अवकाश. मी त्यातलं एकही उघडलं नाही. सरळ कोर्सवर गेले. तिथे दुसऱ्या शिक्षकाचं नाव जोडायची जागा होती, ती दाबून पाहिली, तर सिस्टीमने एम्प्लॉयी नंबर मागितला. शेजारी कोर्स पुसून टाकायचं लाल बटण होतं. त्याला मात्र कसलाच नंबर लागत नव्हता.

मनात आलं, दाबावं. मी केलंय, मी पुसेन. प्रमोशनच्या फाईलसकट तोंडावर पडू दे. हात तिथवर गेलाही. पण मुलांची परीक्षा तोंडावर होती, आणि त्या धड्यांतल्या खाणीचा एक तुकडा आता शिल्लक नाही, तिथे गोडाऊन उभं राहिलंय. पुन्हा शूट करायचं म्हटलं तरी कुठे करणार? मी लॉगआउट केलं आणि ताईला लिहिलं, ‘मी करणार नाही. पासवर्ड बदलून घ्या.’

लगेच फोन आला. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

“अगं, असं काय करतेस? पासवर्ड कशाला बदलायचा?”

“त्यात तुमचं सगळं उघडतं, ताई. मेल, पगार, फाईल. मी आत जाऊन आले आत्ता.”

ती मोठ्याने हसली. “मग? त्यात काय? तू थोडंच काही करणार आहेस!”

तेव्हा मला सगळ्यात जास्त लागलं. मुलाखतीतही इतकं लागलं नव्हतं. तिने मला चोर समजायला हवं होतं. माझा जो घात तिने केला होता, त्याची परतफेड मी करेन अशी पुसटशी भीती तरी तिला वाटायला हवी होती. पण तिला रात्री शांत झोप लागत होती, आणि ती मीच दिलेली होती.

मग ती मऊ झाली. विहारात भाषण संपवताना लागायचा तोच सूर लावला. “ऐक ना. जे झालं ते झालं. इतक्या लोकांत मी तुलाच का पासवर्ड दिला? कारण माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे.”

“माझाही होता, ताई,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.